पत्ता पाच नावांचा

"आत्या, आधी पत्ता ठरव," होदन म्हणाली. "घर मागाहून बांधू."

दहाबो तिच्या शेजारी स्टुलावर बसली होती. हर्गेसाच्या बाजारात होदनचं छोटं दुकान होतं. ती लोकांना वेबसाइट तयार करून द्यायची. समोरच्या रांगेत बायका उंटिणीचं दूध विकायच्या. दहाबो त्यांच्यातलीच; नात्याची नव्हे, पण होदन तिला आत्या म्हणायची. आज तिने आपला दुधाचा कॅन शेजारणीच्या हवाली केला होता.

"पत्ता म्हणजे नाव?"

"हो. पण जगात दुसऱ्या कुणी घेतलेलं नको."

दहाबोने डोळे मिटले. "अली, हसन, मोहम्मद, नूर, अब्दी."

होदनला उलगडून सांगावं लागलं नाही. बाप, आजा, पणजा, त्याचा बाप, त्याचाही बाप. पोर बोलायला लागलं की घरचे त्याच्याकडून ही साखळी पाठ करून घेतात. इथे 'तू कुठली?' असं कुणी विचारत नाही, 'तू कुणाची?' असं विचारतात.

"पाचच? मला एकवीस येतात," होदन म्हणाली.

"मुलगी एवढीच शिकली होती. चार वर्षांची होती. बाप तिला खांद्यावर बसवून एकेक नाव शिकवायचा. मग बॉम्ब टाकणारी विमानं आली. सारं गाव सरहद्दीकडे पळत सुटलं, आणि त्या गर्दीत बापलेकीची ताटातूट झाली."

होदनचे हात थांबले. पुढची नावं तुलाच कशी येत नाहीत, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण नवऱ्याकडच्या पिढ्या कितीशा बायकांना पाठ असतात? तिने विचारलं नाही.

"गावातल्या जाणत्यांना भेटलीस?"

"सगळ्यांना भेटले. ही पाच नावं दर गल्लीत सापडतात, म्हणे. सहावं आण, मग घर दाखवतो."

होदनने पाचही नावं एकापुढे एक जोडून लिहिली. क्षणभरात पडद्यावर उत्तर आलं.

"मोकळा आहे पत्ता."

"साऱ्या जगात? एवढे अली-हसन असून?"

"एकानेही घेतलेला नाही. आता जागा घेऊ. वेबसाइट सांभाळणारी एक कंपनी आहे, तिच्याकडे मी तुला जागा घेऊन देते. म्हणजे यंत्र त्यांचं, परदेशात. कुलूप लावणं, रोज नक्कल काढून ठेवणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, सगळं तेच बघतात. आपण फक्त आत काय ठेवायचं ते ठेवायचं."

"म्हणजे उंट आपले, गुराखी त्यांचा."

"अगदी तसंच."

"आणि गुराखी झोपला तर?"

"ते पाळीपाळीने जागतात, आत्या."

"मग आमच्या गुराख्यांपेक्षा बरे!" दहाबो हसली.

पानावर फोटो नव्हता, कारण फोटोच नव्हता. होदनने थोडक्यात हकिगत लिहिली आणि दुकानाचा फोन नंबर टाकला. मुलीचं नाव मात्र दहाबोने लिहू दिलं नाही.

"ते सांगितलं तर कुणीही येईल. ज्याला खरंच ठाऊक आहे, तो सांगेल."

शेवटी होदनने माइक पुढे केला. दहाबोने पाचही नावं म्हटली, हेल काढून, झोके घेत, जशी लहान मुलं म्हणतात तशी. पाचव्या नावावर तिचा आवाज वर चढला आणि तिथेच राहिला.

"आता हे बटण तू दाब."

दहाबोने बोट पदराला पुसलं आणि दाबलं. होदनने आपल्या फोनवर पत्ता लिहिला, तर तोच आवाज फोनमधून आला. दहाबो कितीतरी वेळ फोनकडे बघत राहिली.

"हे सगळीकडे ऐकू जाईल?"

"जिथे माणूस असेल तिथे."

होदनने पत्ता ओळखीच्यांना पाठवला, त्यांनी त्यांच्या ओळखीच्यांना. पान कुठे कुठे उघडलं ते दाखवणारा एक नकाशा होता. आधी हर्गेसावरच एक ठिपका लागला. मग नैरोबी. मग जेद्दा. मग समुद्रापलीकडे कार्डिफ, आणि बर्फाळ मुलखातली अशी गावं, ज्यांची नावं दहाबोला म्हणता येईनात. दूध विकून झालं की ती रोज येऊन नकाशासमोर बसायची. आकाशात चांदण्या उगवाव्यात तसे ठिपके उगवत होते. तिच्या तोंडून एकच शब्द निघे, "सुभानल्ला!"

फोनही येऊ लागले. एकदा एक बाई रडतच बोलली, "आई, मी आहे गं! मीच ती!"

दहाबोने तिचं सगळं रडणं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "नाही गं बाई. तू दुसऱ्या कुणाची तरी आहेस. तुझी आई तुला भेटो."

"तू काही विचारलंसुद्धा नाहीस!" होदन चिडली. "निदान नाव तरी विचारायचंस. तीच असली तर?"

"नव्हती," दहाबो म्हणाली आणि नकाशाकडे वळली.

आणखी काही आठवडे गेले. एका दुपारी कार्डिफहून फोन आला. आवाज म्हाताऱ्याचा होता, थकलेला, मधेमधे खोकणारा. होदनने फोन स्पीकरवर टाकला.

"नातवाने मला ते ऐकवलं," म्हातारा म्हणाला. "पुन्हा पुन्हा ऐकलं. अब्दीनंतर शिरदोन येतो. सहावं नाव शिरदोन. ते त्या दिवशी वाटेत शिकवायचं होतं. खांद्यावरून तिला खाली उतरवलं, पाणी आणायला वळलो, तेवढ्यात विमान आलं."

दहाबोने टेबलाची कड घट्ट धरली.

"नाव विचार, आत्या," होदन कुजबुजली. "मुलीचं नाव विचार."

"मुलीचं…" दहाबो फोनकडे झुकली. "मुलीचं नाव काय होतं, बाबा?"

"दहाबो," म्हातारा म्हणाला.