करारात नसलेला उजेड

सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वस्तीतली बालवाडी चालू राहणार की नाही, ते आज पडद्यावर दिसणार होतं. तिच्यात पैसा घालणाऱ्या कंपनीला सरकार करारानुसार परतावा द्यायचं, पण मुलांच्या मेंदूची वाढ डोळ्यांनी दिसली तरच.

नरसम्माची चार वर्षांची अखिला डोक्यावर मेंदूतली हालचाल टिपणारी जाळीची टोपी घालून गप्प बसली होती. पडद्यावर तिच्या मेंदूचा भाषेचा भाग काळोखात होता.

"घाबरलीय पोर," बालवाडीच्या सुनंदाबाई म्हणाल्या. "नरसम्मा, तुम्ही बोला तिच्याशी."

विड्या वळताना रोज सांगायची, तशी नरसम्मानं हत्तीची गोष्ट सुरू केली. "हत्ती तळ्यावर आला, अन्..."

"अन् सगळं पाणी पिऊन टाकलं!" अखिला ओरडली.

पडद्यावर एक ठिणगी उमटली. तिच्यातून दुसरी पेटली आणि बघता बघता सगळा पडदा लखलखला.

"झालं, पास!" कंपनीचे बर्वेसाहेब म्हणाले.

नरसम्मा पडद्याकडे बघतच राहिली. "बाई, हे माझ्या पोरीच्या डोक्यात आहे?"

"तुमच्याही आहे."

"मी कुठं शाळेत गेले?"

सुनंदाबाईंनी अखिलाची टोपी काढून नरसम्माच्या डोक्यावर ठेवली. अखिला आईच्या मांडीवर चढली. "आता मी सांगते. हत्तीच्या पोटात मासे पोहायला लागले..."

नरसम्मा खुदकन हसली आणि पडदा पुन्हा उजळत गेला.

"आयांचं करारात काही नाही," बर्वेसाहेब पुटपुटले. पण यंत्र त्यांनी बंद केलं नाही. लहान मुलांची खुर्ची ओढून ते खाली बसले आणि माशांचं पुढं काय झालं ते ऐकू लागले.