लुपेचा कोपरा

चर्चचे पाळकसाहेब चटईखाली गुडघे टेकून बसले होते आणि अख्खं गाव बघत होतं.

तौसालाच्या घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे उजाडताना डोळे उघडल्या उघडल्या तिला ते दिसलं. पुढच्या खडीवर तलम चटईनं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेला माणूस. शेजारी सरपणाची मोळी आणि भट्टीचे दगड. माझा गुन्हा झाला, हवं तर भाजून खा, असं सांगायची ही सामोआतली रीत. ज्याचं वाईट केलं त्यानं येऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर बसा उन्हात.

"ताई, ऊठ," तिचा भाऊ लेओता म्हणाला. घराण्याचा प्रमुख तो, पण बहिणीचा शब्द मोडायची त्याची छाती नव्हती. "खुद्द पाळक आलेत. कुणाच्या दारात आलेत का आजवर असे?"

"तेच म्हणते मी. आजच कसे आले?"

आज दहाला पाळक एसेकिएलुंचा निरोप समारंभ होता. अडतीस वर्षांची सेवा. डुकरं भट्टीत गेली होती, बाहेरगावचे बडे पाळक वाटेत होते. अडतीस वर्षांत या माणसाला तिच्या घराची वाट सापडली नाही, ती नेमकी आज सापडली. रस्त्यावर पाळकांचा मदतनीस, डीकन मालाकी, फोन उंच धरून उभा होता.

"तो काय करतोय रे?"

"ऑकलंडला गेलेली आपली मंडळी बघतेय," लेओता पुटपुटला. "थेट, आत्ता."

"मग बरोबर. यांच्या शेवटच्या उपदेशाला गोष्ट कमी पडत असेल."

चटईखालून आवाज आला. तोच गोड, भरदार आवाज. "तौसाला बहिणी, मी कठोर वागलो. देव मला झोपू देत नाही."

"एकवीस वर्षं तर छान झोपलात की."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

एकवीस वर्षांपूर्वी याच आवाजानं चर्चमध्ये तिच्या लेकीचं, लुपेचं नाव वाचलं होतं. लग्नाआधी दिवस गेले, म्हणून मंडळीतून बाहेर. ज्या पोरापासून गेले, त्याचं नाव कुणी वाचलं नाही. लुपे बोटीत बसून पागो पागोला मासळीच्या कारखान्यात गेली आणि बाळंतपणात संपली. तिची शवपेटी गावात आली त्या दिवशी चर्चची घंटा वाजली नाही. पाळकांनी वाजवू दिली नाही.

तौसाला खाली उतरली. चटईला हात न लावता भोवती फिरली, विकायला आणलेलं डुक्कर बघावं तशी. मग एका कोपऱ्याशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

केवड्याच्या पातीचं विणकाम, रेशमासारखं. फक्त त्या कोपऱ्यात वीतभर वीण जाड, वाकडी.

"पाळकसाहेब, ही चटई कुणाची?"

"माझी. सर्वांत चांगली. बायकोनं पेटीतून काढली."

"तुम्हाला दिली कुणी?"

चटई जरा हलली. "इतक्या आल्या गं, बहिणी. लोकांचं प्रेम. कुठली कुणाची, कसं सांगू?"

तिनंच दिली होती. पोरीचं नाव वाचू नका, एवढंच मागायला गेली होती. दोन वर्षं मायलेकी विणत होत्या. कोपरा लुपेचा, तिचा हात बसायच्या आधीचा. तौसाला उसवायला निघाली तेव्हा पोरगी म्हणाली होती, "राहू दे ना आई, माझी खूण." पाळकांनी चटई घेतली, प्रार्थना केली आणि रविवारी नाव वाचलं.

ढोंग असतं तरी चाललं असतं. पण ह्याला माहीतच नव्हतं.

"ताई, उचल ना," लेओता म्हणाला. "ऊन चढतंय."

उचलली तर ऑकलंडपर्यंत बोभाटा, तौसालानं माफ केलं. नाही उचलली तर चटई परत पाळकांच्या पेटीत, आणि पेटी उद्या गावाबाहेर.

ती त्यांच्यासमोर खडीवर मांडी घालून बसली.

"मी उचलणार नाही. माझा भाऊही नाही. तुमचे तुम्ही बाहेर या आणि चटई इथंच टाका. माझी आहे ती. कोपरा माझ्या लुपेचा आहे."

 

"अशी रीत नाही!" मालाकी ओरडला आणि त्यानं फोन खाली केला.

"वर धर तो," तौसाला म्हणाली. "दाखव सगळं."

ऊन तापलं. कुणी हललं नाही. मग तिकडे समारंभाची घंटा सुरू झाली. ती ऐकून चटईची कड वर झाली. आधी दोन हात बाहेर आले, मग घामानं चिकटलेले पांढरे केस. पाळकसाहेब गुडघ्यांवर सरकत बाहेर आले. त्यांना उठवायला एकही हात पुढे झाला नाही.

तौसालानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं चटई झटकली, वाकडा कोपरा वर येईल अशी घडी घातली आणि छातीशी धरली. घंटा चालूच होती.

"वाजते की रे," ती लेओताला म्हणाली. "मला वाटलं होतं, मोडलीय."