मेंढरांना सांगायला हवं

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. दार लोटून घ्या, आणि मागच्यांनी कान इकडे द्या. जर्मनीतल्या एका मेंढवाड्याची गोष्ट सांगतो. फार जुनी नव्हे, दोन हजार चार सालची.

आत्माराम बसमधून उतरला, तर त्या मेंढवाड्याच्या मालकीणबाई, फ्राऊ हाउग, थांब्यावरच उभ्या.

आत्माराम कार्ल्सरूहेला पीएचडी करत होता. विषय, जुन्या मेंढवाड्यांच्या इमारती. त्यासाठी श्वेबिश आल्बच्या या माळावर तो तिसऱ्यांदा येत होता. मे महिना होता, तरी दुपारी धुकं उतरलेलं. आधीच्या दोन्ही खेपांना बाईंनी स्वतःच्या हाताने पाव कापून त्याला वाढला होता. वर चिडवलंही होतं, "आल्झो, काय मग हेर डॉक्टर, माझ्या हयातीत डॉक्टर होशील ना रे?"

आज चिडवणं नव्हतं. अंगात काळा झगा, पायात चर्चला जायचे कोरे बूट.

"घरातलं माणूस गेलं," त्या म्हणाल्या. "आज पहाटे."

मागच्या खेपेला शेगडीपाशी खोकत बसलेले बाईंचे यजमान, हेर हाउग, आत्मारामच्या डोळ्यांपुढे आले. त्याने नुसते हात जोडले. त्याचे काका गेले तेव्हा काकूही एवढंच बोलली होती. जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. बायका सगळीकडच्या सारख्याच, असं म्हणून त्याने पुढे विचारलं नाही.

"तुझ्याकडे एक काम आहे," बाई म्हणाल्या. "मेंढरांना सांगायचंय."

"काय सांगायचं?"

"गेल्याचं. आमची रीत आहे ती. सांगितलं नाही तर ती वाट बघत राहतात. सकाळपासून कुणी चाऱ्याला तोंड लावलेलं नाही. आया कोकरांना जवळ घेत नाहीत."

"मग तुम्हीच सांगा की. तुमचा आवाज त्यांच्या ओळखीचा."

"घरच्यांनी सांगायचं नसतं. घरचं अन्न खाल्लेलं बाहेरचं माणूस लागतं." त्या किंचित हसल्या. "पाव फुकट मिळतोय असं वाटलं होतं का तुला?"

दोघं चालू लागले. घराच्या पायरीवर कुत्रा बसला होता. आत्मारामला बघून त्याने शेपूट हलवली. मग कान पाडून तो पायरीलाच चिकटून राहिला.

माळावर ओळीने तीन शेडी होत्या, तिन्ही लोकर कातरायच्या.

"ही पत्र्याची माझी," बाई सांगू लागल्या. "विजेची यंत्रं मी आणली. गाव हसलं होतं. ती लाकडी आईने बांधली, युद्धानंतर, पुरुषमाणूस उरलं नव्हतं तेव्हा. आणि ती शेवटची दगडी, आजीची. तेव्हा हातातल्या कातरीने लोकर उतरवायचे आणि पोरीबाळी गात बसायच्या. कुणी गेलं की मेंढरं आपणहून तिथेच जमतात."

"आणि सांगायचं राहिलं तर?"

"आजी गेली तेव्हा आई म्हणाली, असलं काही नसतं. अर्धा कळप खंगून मेला. कोकरं सगळी."

दगडी शेडीच्या दारापाशी त्या थांबल्या. "तूच उघड. माझ्या हातांत आज जोर नाही."

दार करकरलं. लोकरीचा तेलकट वास आला. आत मेंढरंच मेंढरं, सगळी भिंतीकडे तोंड करून उभी. हूं नाही की चूं नाही. फक्त कोकरं आयांच्या पोटाखाली ढुशा मारत केविलवाणी ओरडत होती.

"तुमचे मालक गेले," आत्माराम जर्मनमध्ये म्हणाला. एक मान वळली नाही. "हेर हाउग गेले."

काही नाही. एक कोकरू मटकन खाली बसलं.

"नाव नको घेऊस," मागून बाईंचा आवाज आला. "जनावरं नावं ओळखत नाहीत रे. हातांचं सांग. आणि मागे फोटो काढताना गुणगुणत होतास ना, तसं सांग."

आत्मारामचे वडील कीर्तनकार. लहानपणी तो त्यांच्या मागे टाळ धरून उभा राहायचा. आख्यानात कुणाचं देहावसान आलं की वडील चिपळ्या खाली ठेवत आणि आवाज अगदी आत ओढून गात. समोरच्याला दुःख कळावं, पण लागू नये, असं. त्याने डोळे मिटले आणि तोच सूर धरला. शब्द आपोआप मराठीत आले.

"ज्या हातांनी मीठ चारलं, ज्या हातांनी अडलेलं कोकरू मोकळं केलं, ते हात आता विसावले गं बायांनो. पांडुरंगापाशी पोचले. वाट बघू नका. चारा खा. लेकरांना पाजा."

त्याने डोळे उघडले. सगळ्या माना वळल्या होत्या. पण त्याच्याकडे नाही. सगळी मेंढरं त्याच्या खांद्यावरून मागे, फ्राऊ हाउगकडे बघत होती.

बघत राहिली. मग एका म्हाताऱ्या मेंढीने मान खाली घालून चाऱ्याला तोंड लावलं. मागोमाग दुसरीने. कोकरांचं ओरडणं थांबलं आणि दूध ओढल्याचे आवाज येऊ लागले.

"झालं," बाई म्हणाल्या. "सुटले बघ मी काळजीतून. आता घरात जा. मेंढरं खायला लागली म्हणून सांग. सूप ऊन असेल."

"तुम्ही येत नाही?"

"मी थांबते थोडी. बघू दे त्यांना."

आत्माराम एकटाच धुक्यातून घराकडे आला. कुत्रा पायरीवरून सरकला. आत्मारामने दार वाजवलं. आतून सावकाश पावलं आली, पाठोपाठ खोकला आला, आणि दार उघडलं.

दारात हेर हाउग उभे होते. डोळे सुजलेले.

"देवानेच धाडलं रे तुला," म्हातारा त्याचा हात धरून म्हणाला. "सकाळपासून बाहेरचं माणूस शोधतोय. माझी बायको गेल्याचं मेंढरांना कुणीतरी सांगायला हवं."

मंडळी, वाल्बुर्गा हाउग हे त्या माउलीचं नाव. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिची एकवार आठवण करा.