पांढरं फडकं

पाचव्या महिन्यात रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी ते जगणार नाही. एका सकाळी दवाखान्यात नेत्रानं मन घट्ट करून गर्भपाताच्या कागदावर सही केली. कागद उचलताना नर्स फिलोमिना तिला तोंडावर म्हणाली, “आमच्या धर्मात याला खून म्हणतात. या कामाला मी उभी राहणार नाही.”

“नका राहू. तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा,” नेत्रा म्हणाली.

शेजारी बसलेली सासू, जनाबाई, फणकारली. “हिचं काय मनावर घेतेस गो? ते काय पोर आहे? नुसता मांसाचा गोळा. वर्षभरात दुसरं होईल.”

नेत्राला त्या क्षणी दोघीही डोळ्यांसमोर नको झाल्या.

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. “घरी कुणाकडे बोलायचं नाही. जे काय असेल ते इथंच टाकू दे त्यांना,” असं बजावून सासू चहा प्यायला गेली.

तेवढ्यात फिलोमिना पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून आत आली. आता ही आणखी काय ऐकवते, म्हणून नेत्रानं दात आवळले.

“मुलगी होती,” फिलोमिना हळूच म्हणाली. “नाव काय ठरवलं होतंत?”

“सानवी,” नेत्राच्या तोंडून निघून गेलं. नवऱ्यालाही तिनं ते अजून सांगितलं नव्हतं.

मग दिवसभर दाबून धरलेलं रडू फुटलं. आणि रडता रडता, गोळ्याची मुलगी करून टाकणाऱ्या फिलोमिनाचा तिला सकाळपेक्षाही जास्त राग आला.