रफू शिकवणारी

काकांनी हार्ड डिस्क टेबलावर ठेवली ती दोन्ही हातांनी, निजलेलं मूल खाली ठेवावं तशी.

“लेकीचं सगळं यात आहे. रफू, ठिगळं, काजं, सगळं शिकवायची. थोडे व्हिडिओ तिनं तेव्हा लोकांसाठी टाकले होते. बाकीचे तसेच राहून गेले.”

“आणि त्याच्या छोट्या रील हव्यात तुम्हाला?”

“रोज एक. शिवणाच्या पेट्या विकायच्यात मला. चेहरा तिचाच, आवाज तिचाच. नवीन काही करायला ती आता... नाही.”

कात्रीनं मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. घरीदारी तिला सगळे कात्रीच म्हणत. लांबलचक व्हिडिओ कापून त्यातून दुकानदारांना जाहिराती करून देणं हा तिचा धंदा. दातांच्या डॉक्टरांचं भाषण द्या नाहीतर बेकरीवाल्याची मुलाखत, तासाभराच्या कंटाळ्यातून ती असे तुकडे काढायची की मूळ मालक म्हणायचा, अरे, मी इतकं छान बोललो?

निघताना काका दारात थांबले. “येतो, बेटा.”

वडील गेल्यापासून तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

कामाला बसली आणि ती मुलगी तिला आवडूनच गेली. हात चपळ, बोलणं गोड, फाटक्या बाहीशीसुद्धा लाडानं बोलायची. फक्त एक होतं. व्हिडिओच्या शेवटी “भेटू पुन्हा” म्हणून झालं की कॅमेरा बंद व्हायच्या आधी तिचं हसू फुंकर मारल्यासारखं विझायचं. ती कॅमेऱ्याच्या मागे, किंचित वर बघायची आणि हळूच विचारायची, “झालं?”

कात्री तेवढं शेपूट कापून टाकायची. दमली असेल बिचारी.

रील बघता बघता चालायला लागल्या. काका रोज दुपारी येऊन शेजारी बसत. पेट्या किती खपल्या, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

“बघतं कोण? एकसारखं कोण बघतं?”

“ते नाही कळत हो काका. कमेंट करणारे तेवढे कळतात.”

“मग बोलतं कर त्यांना. शेवटी प्रश्न टाक. तुम्ही कुठून बघताय, असं विचार.”

बापाचं काळीज, कात्रीला वाटलं. लेकीची आठवण अजून कोण कोण काढतं, हे बघत असतील.

कात्रीच्या आईला मात्र हे पटत नव्हतं. “गेलेल्या मुलीला रोज उठवून बोलायला लावायचं, बरं नव्हे गं.”

“आई, तेवढाच त्यांना आधार.”

मग एके दिवशी एका रीलखाली कुणीतरी लिहिलं, माझी शिवण सारखी सुटते, काय करू? आणि स्वतःचा चेहरा न लावलेल्या, नाव नसलेल्या एका खात्यावरून त्या प्रश्नाला उत्तर आलं होतं.

“उसवलेलं शिवायचं तर आधी आणखी थोडं उसवावं लागतं. घाबरायचं नाही.”

कात्रीनं ते पुन्हा वाचलं. हे वाक्य त्या मुलीचं होतं. शब्दन् शब्द, अगदी ‘घाबरायचं नाही’सुद्धा. पण ज्या व्हिडिओत ते होतं, तो कुणी कधीच टाकला नव्हता. कात्रीनं तो सकाळीच पहिल्यांदा उघडला होता. खोलीत ती एकटी होती. समोरच्या पडद्यावर मुलगी सुई हातात धरून थांबलेली होती आणि थेट तिच्याकडे बघत होती.

काका आले तेव्हा तिनं अडखळत सांगितलं. “भलतंच बोलते असं वाटेल तुम्हाला, पण हे... हे तिनंच लिहिलंय.”

काका दचकले नाहीत. सावकाश खाली बसले. मग त्यांचे डोळे भरून आले.

“मेली असं मी कधी म्हटलं, बेटा? निघून गेली ती. शोध शोध शोधलं. ‘निघून गेली’ म्हटलं की लोक बापाकडेच बघतात, म्हणून तोंडातून शब्द फुटत नाही.”

कात्रीच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे जिवंत आहे! तिनं घाईघाईनं ते खातं उघडलं. आत एकच फोटो होता. उन्हातली खिडकी, कठड्यावर रफू केलेल्या कपड्यांची चळत, आणि मागे रस्त्यापलीकडे एक धूसर पाटी.

धूसर गोष्टी नीट करणं हे तर तिचं रोजचंच काम. तिनं फोटो मोठा केला, कडा ठळक केल्या, उजेड वाढवला. सायकलच्या दुकानाचं नाव उमटलं. त्याखाली गल्लीचं, गावाचं.

काकांनी ते तळहातावर लिहून घेतलं. उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माझी लेक तू मला परत दिलीस.”

ते जिने उतरले. खिडकीतून ती बघत राहिली. त्या वयातही काका जवळजवळ पळत बसथांब्याकडे चालले होते. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

कात्रीनं डोळे पुसले आणि त्या खात्यावर निरोप लिहिला. “तू मला ओळखत नाहीस. तुझे व्हिडिओ मी कापते. आज तुझ्या बाबांना मी रडताना पाहिलं. तुझा पत्ता मीच शोधून दिला, ते तुझ्याकडे यायला निघालेत. जुनं काय असेल ते असो, एकदा दार उघड त्यांना.”

निरोप लगेच वाचला गेला. पलीकडून काही लिहिलं जात होतं, थांबत होतं, पुन्हा लिहिलं जात होतं.

“माझे बाबा मी शाळेत असतानाच वारले. तुमच्याकडे कोण आलं होतं?”