राखीव केळुसकर

आंबा घाटात दरड कोसळली आणि केळुसकरांची गाडी सहा तास रेंजबाहेर अडकून पडली. संध्याकाळी ते रत्नागिरीला घरी पोचले, तेव्हा त्यांच्याच चेहऱ्याचा माणूस लेकीला भूमिती शिकवत बसला होता.

हा त्यांचा राखीव. केळुसकरांच्या छातीतला ठोका घराला सलग तीनदा ऐकू आला नाही, की कपाटातून उठून त्यांची जागा घ्यायची, एवढंच त्याचं काम.

"मी आलोय. तू जा आता कपाटात," केळुसकर म्हणाले.

"जाता येत नाही," राखीव नम्रपणे म्हणाला. "मूळ माणूस परतल्यावर ताबा परत द्यावा, या अर्जातल्या ओळीपुढे तुम्ही खूण केलेली नाही."

राखीव घेताना भरलेला तो अर्ज केळुसकरांना आठवला. पंचवीस वर्षं ते एका बँकेचं नेटवर्क सांभाळत होते. मुख्य राउटर बंद पडला की राखीव राउटर काम उचलतो. मग मुख्य दुरुस्त झाला तरी चालतं काम परत त्याच्याकडे हलवायचं नाही, उगाच खोळंबा होतो, हा त्यांचाच शिरस्ता. घरच्या अर्जावरही त्यांनी सवयीने ती ओळ कोरी सोडली होती.

"सुनेत्रा, तू तरी सांग याला."

बायकोने मान खाली घातली. "रस्ता मोकळा झाल्याचं कळलं तेव्हाच मी राखीवांच्या नोंदणीवाल्यांना विचारलं. अर्ज बदलायला अंगठा लागतो म्हणाले. आणि अंगठा आता ह्यांचाच धरतात," तिने राखीवाकडे बोट दाखवलं.

"बाबा, पुढचं प्रमेय," लेक राखीवाला म्हणाली.

केळुसकरांच्या पाठीमागे कपाटाचं दार हळूच उघडलं. आतली खुर्ची त्यांच्याच मापाची होती.