जागेअभावी विकणे आहे

"डावं दार करकरतं," आईने बेकरीवाल्याला सांगितलं. "आणि खालचा खण ओढला की सरळ हातातच येतो."

बेकरीवाल्याने दार उघडून पाहिलं. करकरलं. सोबत आलेल्या मेहुण्याने खण ओढला. तो निमूट बाहेर आला आणि तितक्याच निमूटपणे आत गेला.

"आई," मुलगी म्हणाली. ती शिवणकाम करायची. गळ्यातली टेप तिने उगाचच काढून पुन्हा गळ्यात घातली. सकाळपासूनचं हे तिसरं गिऱ्हाईक. पहिल्याला आईने वाळवीची भीती घातली होती, दुसऱ्या बाईला कपाटातल्या वासाची. जाहिरातीत मुलीने लिहिलं होतं : 'सागवानी कपाट, तीन दारांचं, उत्तम स्थितीत. जागेअभावी विकणे आहे.' मुलीच्या फोनवर ती ओळ वाचल्यापासून आई त्यातल्या एकाच शब्दावर अडून बसली होती. खोल्या तीन, माणसं तीन. जागा कमी पडली ती कुणाला?

"काकू, कपाट विकताय की वाचवताय?" बेकरीवाला हसला.

"खोटं बोलून विकू का मग?"

"छे, खरंच सांगा. आमच्या घरात तर माणसंसुद्धा करकरतात. हा बघा एक."

"मला तेल कोण घालतंय?" मेहुणा म्हणाला.

आईच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या, पण तिने हसू बाहेर येऊ दिलं नाही. कपाटाचं दार लावून ती त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"दोन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे," ती मुलीला म्हणाली. गिऱ्हाईक समोर आहे याचं तिला भान उरलं नव्हतं. "तो पुन्हा चालायला लागला की कपड्यांना कपाट नको? तेव्हा असं लाकूड कुठून आणशील?"

बेकरीवाल्याचं हसू मावळलं. मेहुणा भिंतीकडे पाहू लागला.

मुलीने गळ्यातली टेप काढली. ती वाकली. टेपचं एक टोक तिने कपाट उभं होतं त्या बोळातल्या समोरच्या भिंतीला लावलं, दुसरं कपाटाला.

"अठरा इंच," ती म्हणाली. "दादाची चाकाची खुर्ची सव्वीस इंचांची आहे. काल दवाखान्यात मोजून आले." तिने टेप गुंडाळली. "चालायला लागेल तेव्हा लागेल, आई. उद्या अकरा वाजता गाडी त्याला आपल्या दारात आणून सोडेल. तिथून न्हाणीघरापर्यंत तो कसा जाणार, तेवढं सांग. मी उचलू त्याला? की तू उचलशील?"

शेजारच्या घरात कुणी तरी नळ सोडला आणि बंद केला.

आई कपाटापासून दूर झाली. मधलं दार उघडून आतला आरसा तिने पदराने पुसला, दार लावलं आणि बेकरीवाल्याकडे वळली.

"तिरपं करून न्या," ती म्हणाली. "सरळ नेलंत तर चौकटीत अडेल. आणलं तेव्हा अडलं होतं."

दोघांनी कपाट तिरपं केलं. गल्लीतून बराच वेळ "तुझी बाजू उचल", "माझीच उचललीय" असं ऐकू येत राहिलं आणि मग तेही थांबलं.

मुलीने बोळ झाडला. खडूने जमिनीवर दोन रेषा ओढल्या, दारापासून न्हाणीघरापर्यंत. सव्वीस इंच खुर्चीचे आणि दोन इंच माया, कापडात जास्तीची सोडतात तशी. सरळ भागात जागा भरपूर उरली. वळणावर, काचेच्या शोकेसपाशी, रेषा जेमतेम बसल्या, पण बसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच तिने पाठ सरळ केली.

मागे चाकांचा आवाज झाला. आई शिवणाच्या मशीनसमोरची मुलीची फिरती खुर्ची ढकलत घेऊन येत होती. खुर्ची तिने बाहेरच्या दारापाशी, दोन रेषांच्या मधोमध आणून ठेवली आणि स्वतः तीत बसली. पाय वर उचलून घेतले. दोन्ही हात बाजूंना खाली सोडले आणि नसलेल्या चाकांवर ठेवले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मुलाला खुर्चीचा सराव करताना ती रोज पाहत होती.

"ढकल," ती म्हणाली.

"आई, पडशील."

"ढकल म्हणते ना."

मुलीने ढकललं. बोळ सरला. वळणावर आईचं कोपर शोकेसच्या कोपऱ्यावर खाडकन आदळलं आणि आतली काचेची भांडी एकमेकांना लागून किणकिणू लागली.

मुलगी थांबली. दिवसभर माणसांची मापं घेणाऱ्या तिने काल दवाखान्यातून रिकाम्या खुर्चीचं माप आणलं होतं.

"लागलं का गं?"

"कोपरं मोजली होतीस त्याची?"

"नाही."

शोकेस आईचं होतं. घरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचा जाहिरातीसाठी काढलेला फोटो मुलीच्या फोनमध्ये होता, शोकेसचा नव्हता. फोन त्याच्यासमोर धरायची तिची छाती झाली नव्हती. आताही झाली नाही.

"हळू वळला तर जाईल," ती कशीबशी म्हणाली.

आई कोपर चोळत बसली होती. आतला शेवटचा पेला किणकिणायचा थांबेपर्यंत ती काचेकडे पाहत राहिली.

"तो जन्मात कधी हळू वळलाय का?" ती म्हणाली. "काढ फोटो."